तट पावसात वाकतो, उन्हात फाकतो: वेढ्याच्या मॉडेलचं दरवर्षीचं दुखणं

किल्ल्याच्या वेढ्याचा खेळ छोट्या सैनिकांनिशी टेबलावर मांडणाऱ्यांची तक्रार दरवर्षी जवळपास त्याच शब्दांत येते. मार्च-एप्रिलमध्ये तटाचे सहा तुकडे आणि चार बुरूज केले. तेव्हा सगळं सरळ होतं, सांध्यात कागदसुद्धा शिरत नव्हता. जुलैत वेढा मांडायला पेटी उघडली तर तट धनुष्यासारखा वाकलेला, बुरुजापाशी तीन-चार मिलिमीटरची फट आणि चर्यांच्या (तटाच्या माथ्यावरच्या कंगोऱ्यांच्या) मुळाशी रंगाला तडे. पाट्याखाली दाबून ठेवलं, सरळ झालं. मेमध्ये पाहिलं तर पुन्हा बाक, आणि तोही उलट्या बाजूला.

बाक उलट्या बाजूला गेला, यातच दुखण्याचं मूळ दिसतं. माल वाईट असता तर तो एकदाच वाकला असता. तट ऋतूप्रमाणे इकडून तिकडे होत असेल, तर त्याची एक बाजू रंग-पुट्टीने बंद आहे आणि दुसरी उघडी आहे. उघडी बाजू पावसाळ्यात ओल पिऊन फुगते, उन्हाळ्यात सुकून आखडते. बंद बाजू हलत नाही. दोन बाजूंची ओढ जुळली नाही की तुकडा वाकणारच. मराठवाड्यात हे जास्त जाणवतं, कारण मे महिन्यात पारा ४१-४२ वर आणि हवा कोरडी ठणठणीत, तर दोन-अडीच महिन्यांनी त्याच खोलीत पापड सादळतात.

आधी बाक मोजा, मग हात लावा

स्वयंपाकघराचा ग्रॅनाइटचा ओटा घरातली सगळ्यांत सपाट जागा असते. शहाबादी फरशीवर मोजू नका, ती स्वतःच खालीवर असते. तुकडा ओट्यावर ठेवा, फटीत जुनं एटीएम कार्ड सरकवून पाहा. कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते, त्यामुळे माप आयतंच मिळतं. ३० सेंटिमीटरच्या तुकड्यात एक कार्ड जेमतेम शिरत असेल तर काही करू नका, टेबलावर ते दिसत नाही. दोन-तीन कार्डं शिरली तर खाली दिलेली कागदाची दुरुस्ती पुरते. चार किंवा जास्त शिरली तर कणाच घालावा लागेल.

मग दिशा पाहा. रंगवलेली बाजू आत गेली असेल, म्हणजे टोकं रंगाकडे वळली असतील, तर दोन शक्यता आहेत. एक तर रंग, पुट्टी किंवा फेविकॉल सुकताना आखडलं, नाहीतर मागची उघडी बाजू ओलीने फुगली. कोणती ते ओळखायला तुकडा दोन दिवस कोरड्या, बंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. बाक कमी झाला तर ओल, तसाच राहिला तर लेपाची ओढ. रंगवलेली बाजू बाहेर फुगली असेल तर उलटं झालंय, मागची बाजू सुकून आखडली आहे. ही उन्हाळ्यातली खूण. आणि तुकडा मध्येच खाली बसला असेल, किंवा चर्या एका अंगाला झुकल्या असतील, तर त्यात ओलीचा हात नाही. तो उष्णतेने मऊ पडला आहे, त्याचा इलाज वेगळा.

ही तपासणी टाळून थेट वजन ठेवणं हीच सर्रास होणारी चूक. ओलीने वाकलेल्या तुकड्यावर वजन ठेवलं तर वजन असेपर्यंत तो सरळ राहतो.

कुलरचा घोळ

हे कारण परदेशी मार्गदर्शनात सहसा सापडत नाही, कारण तिकडे कुलर फारसा वापरत नाहीत. बाहेरची हवा कोरडी असताना गवताच्या ओल्या जाळीतून आलेली हवा खोली दमट करून टाकते. म्हणजे ऐन मे महिन्यात तुमचा तट दिवसभर पावसाळ्यात असतो, आणि कुलर बंद झाला की दोन तासांत वाळवंटात. रोज एक ऋतुचक्र. त्यात तुकडे कुलरच्या थेट झोतात असतील तर झोताकडची बाजू ओली आणि पाठ कोरडी. लाइट गेली की उलट. आठ-दहा दिवसांत ३ मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला पाटा) किंवा पुठ्ठा हार मानतो.

इलाज साधा आहे. रंगकाम चालू असताना कुलर बंद, किंवा काम दुसऱ्या खोलीत. काम झालेले तुकडे उघड्या फळीवर नकोत, झाकणाच्या डब्यात ठेवा. पत्र्याचं घर असेल तर छताजवळची माळ्याची जागा टाळा, मॉडेल खाटेखाली ठेवलेलं बरं.

कोणता माल कसा वागतो

पुठ्ठ्याला दिशा असते. तो कारखान्यात ज्या दिशेने ओढला जातो त्या दिशेला धागे पडतात, आणि ओलीने तो धाग्यांच्या आडव्या दिशेला जास्त वाढतो. चौकोनी तुकडा हातात धरून दोन्ही बाजूंनी हलके वाकवा. ज्या बाजूने सहज गोल होतो, त्या नळीच्या लांबीला समांतर धागे आहेत. तटाची लांबी धाग्यांच्या दिशेने कापा. दोन थर चिकटवताना दुसरा थर आडवा टाकायचा मोह होतो, पण दोनच थर असतील तर ते एकमेकांविरुद्ध ओढतात आणि तुकडा हमखास पिळतो. आडवा थर टाकायचा तर तीन थर करा, मधला आडवा.

एमडीएफला अशी दिशा नसते, पण त्याच्या कापलेल्या कडा स्पंजासारखं पाणी पितात. लेझरने कापलेल्या कडा काळ्या असतात म्हणून त्या बंद झाल्या असं वाटतं. तसं नसतं. तटात पाणी शिरतं ते बहुतेक चर्यांच्या कडांतून, कारण सगळ्यांत जास्त कडा तिथेच आहेत. लाकडाच्या सीलरचे दोन हात कडांवर द्या, मध्ये २२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा.

थर्माकोल स्वतः ओलीने वाकत नाही. वाकवतो तो त्यावर चढवलेला कागद किंवा पीओपी. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत सजावटीचं थर्माकोलही आलं, त्यामुळे हल्ली टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातलं पॅकिंगच हाताशी येतं. ते फार हलकं आणि दाणेदार. त्याचा उपयोग टेकडीला करा, तटाला नको. तटासाठी गच्चीच्या इन्सुलेशनची निळी किंवा गुलाबी एक्सपीएस (घट्ट फोमची) शीट शोधा. मात्र ५० मिलिमीटरची शीट तारेने चिरून १० मिलिमीटरचे पापुद्रे केले की ते चिरताक्षणीच वाकलेले निघू शकतात. शीटच्या वरच्या घट्ट सालीत ताण असतो, एका बाजूची साल राहिली आणि दुसरीची गेली की तो ताण मोकळा होतो. दोन्ही बाजूंची साल काढा, किंवा बाजारातून मूळ १०-२० मिलिमीटरचीच शीट घ्या. ४०-५० मिलिमीटरचा भरीव तट करत असाल तर वाकण्याची काळजीच सोडा. तिथे फक्त लेपाला तडे जातात.

सनबोर्ड पीव्हीसीचा असतो, ओल पीत नाही. पण उन्हाने वाढतो. ३० सेंटिमीटरचा तुकडा २५-३० अंशांनी तापला की साधारण अर्धा मिलिमीटर लांबतो. सहा तुकडे रांगेत घट्ट बसवले असतील तर तीन मिलिमीटर जातील कुठे? मधला तट बाहेर येतो. त्रिमितीय प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये छापलेले भाग ६० अंशांच्या आसपास मऊ पडतात, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीत तेवढं तापमान सहज होतं. झुकलेल्या चर्यांमागे बहुतेक वेळा गाडीची डिकी असते.

गोंदाचे चार दगे

पांढरा फेविकॉल पाण्याचा आहे, सुकताना आकसतो. एका बाजूला भरपूर लावला की त्या बाजूला ओढतो. दोन एक्सपीएस तुकड्यांच्या मध्ये लावला तर पाणी बाहेर पडायला वाटच नसते, आठवड्यानंतरही आत चिकट सापडतो. अशा जागी दोन्ही तुकड्यांवर पातळ हात द्या, १०-१५ मिनिटं उघडे राहू द्या, मग जोडा आणि टाचण्या किंवा उदबत्तीच्या काड्या खुपसून ठेवा.

फेविक्विक थर्माकोल खातं. एसआर जातीचं रबरी सोल्युशनही खातं, आणि स्प्रेच्या डब्यातला रंगही. त्या खड्ड्यांना पुट्टी लावून ती आखडली की त्याच जागी बाक येतो. थर्माकोल किंवा एक्सपीएसवर स्प्रे मारायचाच असेल तर आधी फेविकॉल-अ‍ॅक्रिलिकचे दोन पूर्ण हात पाहिजेत, आणि सुईएवढी जागाही उघडी नको.

ग्लू गनचा सांधा थंडीत दगडासारखा आणि मेमध्ये च्युइंगमसारखा. सतत ताण असलेल्या सांध्याला, म्हणजे वाकू पाहणाऱ्या तटाला, तो कधीच वापरू नका. तो फक्त दुसरा गोंद सुकेपर्यंत धरून ठेवायला. जिथे खरी ताकद हवी, म्हणजे दरवाज्याची चौकट, लोहचुंबक, पीव्हीसीला एमडीएफ, तिथे अ‍ॅरल्डाइट.

वाकलेल्या तुकड्याची दुरुस्ती

दोन-तीन कार्डांच्या बाकासाठी. रंगवलेली बाजू आत गेली आहे आणि मागची बाजू उघडी आहे असं धरू.

आधी तुकडा दोन दिवस सिलिका जेलसोबत डब्यात सुकवा. ओल आत असताना पाठ बंद केली तर ती आतच कोंडते. मग पाठीला १२० नंबरचा पेपर मारून धूळ पुसा. फेविकॉल दोन भाग आणि पाणी एक भाग असं मिश्रण करून एक हात द्या. वह्यांना घालतो तो खाकी कागद पाठीच्या मापाचा कापा, धाग्यांची दिशा तटाच्या लांबीला आडवी ठेवा. त्यावर तेच मिश्रण लावा, दोन मिनिटं मुरू द्या. कागद ओला होऊन थोडा ताणला की पाठीवर बसवा आणि मधून टोकांकडे बोटाने हवा काढत जा. हाच कागद सुकताना आखडेल आणि रंगाच्या ओढीला उलटी ओढ देईल.

आता ओट्यावर जुना टॉवेल पसरा. रंगवलेली बाजू खाली करून तुकडा ठेवा, म्हणजे मध्यभाग उचललेला राहील. दोन्ही टोकांखाली दोन-दोन एटीएम कार्डं सारा. कागदावर दुधाची रिकामी, धुतलेली पिशवी पसरा, फेविकॉल तिला धरत नाही. मध्यावर तीन-चार किलो वजन ठेवा, पाच किलोची पिठाची पिशवी थोडी वापरली असेल तर छान. तुकडा दीड मिलिमीटर उलट्या अंगाला वाकेल. तसंच पाहिजे, कारण वजन काढल्यावर तो थोडा मागे येतोच. उन्हाळ्यात ४८ तास, पावसाळ्यात ७२. नंतर तुकडा उभा करून एक दिवस दोन्ही बाजूंना हवा लागू द्या, आणि तेव्हाच पुन्हा मोजा. वजन काढल्या काढल्या घेतलेलं माप खोटं असतं.

उन्हात वाळवू नका. एप्रिल-मेच्या दुपारी वरचा पापुद्रा दहा मिनिटांत सुकतो, आत ओल तशीच राहते आणि तुकडा परत पिळतो. पंख्याखालीही नको. सकाळी सहा-सातला काम करून सावलीत ठेवलेलं बरं.

चार किंवा जास्त कार्डांचा बाक असेल तर कागद पुरणार नाही. पाठीवर दर दोन सेंटिमीटरला कटरने उभे चरे मारा, खोली जाडीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको. तुकडा सपाट दाबून धरा आणि लांबीने कणा बसवा. सायकलचा जुना आरा दोन ठिकाणी, वर फांजीखाली (तटावरून चालायच्या वाटेखाली) आणि खाली पायथ्याजवळ, अ‍ॅरल्डाइटने. आरा आधी खरखरीत करून घ्या, गुळगुळीत स्टीलवर गोंद धरत नाही. बांबूची पट्टी चालते, पण ओली नको. ती स्वतःच वाकते. बुरुडाकडून घेतली तर निदान महिनाभर सावलीत पडू द्या.

उष्णतेने बसलेले पीएलएचे भाग सरळ करता येतात. ६५-७० अंशांच्या पाण्यात मिनिटभर धरा, मऊ पडले की ओट्यावर दाबून थंड पाण्यात टाका. रंगवलेल्या भागाचा रंग जाईल. सनबोर्डाच्या बाबतीत एवढी मेहनत करण्यापेक्षा नवा तुकडा कापणं स्वस्त पडतं.

नवा तट करताना

एका पाट्याचा तट करूच नका. पेटी करा. २८ मिलिमीटरच्या सैनिकांसाठी, २५ मिलिमीटरच्या बेसवर उभे राहतील असा, ३० सेंटिमीटरचा एक तुकडा ३ मिलिमीटर एमडीएफमध्ये असा निघतो:

- बाहेरचा पाटा ३० × १५ सेंमी, वरच्या ३ सेंमीमध्ये कठडा आणि चर्या; दोन चर्यांमधली खाच दीड सेंमी खोल
- आतला पाटा ३० × ११.७ सेंमी
- फांजी ३० × ४.५ सेंमी, आतल्या पाट्यावर टेकते आणि बाहेरच्या पाट्याला चिकटते
- तळ ३० × ४.२ सेंमी, दोन पाट्यांच्या मध्ये
- बरगड्या ४.२ × ११.४ सेंमी, पाच; दोन टोकांना, तीन मध्ये समान अंतरावर

तळाला ५ मिलिमीटरची दोन भोकं ठेवा, आतली ओल निघायला. जोडण्यापूर्वी सगळ्या भागांना दोन्ही बाजूंनी सीलर. हा कंटाळवाणा भाग आहे आणि लोक नेमका तोच गाळतात, कारण आतली बाजू कोणाला दिसत नाही. ओलीला दिसते.

दगडाचा पोत द्यायला पीओपीचा जाड थर लावायची सवय दिवाळीच्या किल्ल्यावरून येते. दिवाळीचा किल्ला आठ दिवस टिकला की झालं, इथे तो टेबलावर उचलला-ठेवला जातो. भिंतीची सिमेंटवाली पुट्टीही कडक, जराशी लवली की तडकते. अ‍ॅक्रिलिक पुट्टी घ्या, दीड मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि बाहेरच्या पाट्याला लावली त्याच बैठकीत आतल्या पाट्यालाही लावा. आतून साधा हात चालेल, पण जाडी तीच. पायाभूत रंग म्हणजे फेविकॉल दोन भाग, काळा अ‍ॅक्रिलिक एक भाग, पाणी अर्धा भाग. काळा अशासाठी, की आपल्याकडचे तट काळ्या पाषाणाचे आहेत. युरोपातल्या संचांची भुरकट पिवळी छटा परांड्याच्या किल्ल्याला शोभणार नाही.

सुरुंगाने पडलेला तट म्हणून जो बदली तुकडा करायचा, तोही मूळ तुकड्यासोबत त्याच शीटमधून आणि त्याच दिवशी कापा. १६३३ च्या दौलताबादच्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून तट पाडले, त्यामुळे त्या वेढ्याच्या खेळात असे दोन-तीन तरी लागतात. सहा महिन्यांनी केलेला बदली तुकडा जुन्याच्या जागी बसत नाही, कारण जुना तोवर थोडा तरी हललेला असतो. आणि मांडणी १२९६ ची, देवगिरीवरच्या अलाउद्दीन खलजीच्या स्वारीची असेल तर तोफांचे झरोके काढून टाका. त्या काळी इथे तोफ नव्हती.

बुरुजाचा सांधा

युरोपीय पद्धतीच्या चौकोनी बुरुजाला तट सपाट भिडतो, थोडा बाक खपून जातो. परांडा, औसा, उदगीर या भुईकोटांचे बुरूज बहुतांशी गोल. तिथे बाक लगेच चव्हाट्यावर येतो.

बुरुजाला ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप सर्वांत चांगला, १६-१७ सेंटिमीटर उंच कापून. ओलीने तो ढिम्म हलत नाही. पण तटाचं ४८ मिलिमीटर रुंद सपाट टोक या गोलाला टेकवलं, तर दोन्ही कडांना साडेपाच मिलिमीटरची चंद्रकोर फट राहते. ती पुट्टीने भरणारे बरेच आहेत, आणि तिथूनच तडे सुरू होतात. भरू नका. पाइपमध्ये करवतीने ४९.५ मिलिमीटर रुंदीची उभी खाच कापा, म्हणजे तटाचं टोक आत शिरेल. दोन्ही बाजूंना एका एटीएम कार्डाएवढी मोकळीक राहते, आत एकीकडे साधारण आठ मिलिमीटर शिरकाव ठेवा. ऊन-पावसात तट अर्धा-पाऊण मिलिमीटर सरकला तरी ते आतल्या आत होतं, बाहेरून दिसत नाही. वर-खाली ६ × २ मिलिमीटरचे दोन लोहचुंबक अ‍ॅरल्डाइटने बसवा. ध्रुवांच्या खुणा आधी मार्करने करून घ्या, नाहीतर शेवटचा तट बुरुजाला नको म्हणतो. सांधा कायमचा चिकटवणं हा मात्र अगदी चुकीचा उपाय. वाकायची ओढ संपत नाही, ती फक्त जवळच्या कमजोर जागी जाते, आणि ती जागा नेहमी दरवाज्याची कमान असते.

पाइपला रंग धरत नाही अशी तक्रार येते. १२० ने घासा, साबणाने धुवा, मग रंगवा.

खालची जमीन

तट सरळ आणि पाट वाकडा, असंही होतं. ६० × ६० सेंटिमीटरच्या पाटासाठी ६ मिलिमीटर प्लाय घेताना शिक्का वाचा. आयएस ३०३ च्या एमआर (साध्या ओलरोधक) दर्जापेक्षा आयएस ७१० चा (मरीन) प्लाय महाग पडतो, पण दमट हवेत त्याचे थर सुटत नाहीत. वर फोम चिकटवला की खालच्या बाजूला सीलरचे दोन हात द्याच.

शेतातली काळी माती चाळून वापरण्याचा मोह आवरा. रंग अगदी खरा येतो, पण ही माती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना भेगा पाडते, रानात पाडते तशीच. फेविकॉलमध्ये धरली तरी ती पाटाला वर ओढते. मुरूम घ्या. आधी पुरणाच्या चाळणीने, मग चहाच्या गाळणीने चाळा, लोखंडी कढईत भाजून घ्या म्हणजे किडा-अंडी राहत नाही. फेविकॉल आणि पाणी सम प्रमाणात लावून त्यावर पेरा. काळा रंग वरून द्या. मेढेकोटासाठी (खुंटांच्या कुंपणासाठी) तुराट्या छान दिसतात, त्याही भाजून किंवा उन्हात कडक करून घ्या, नाहीतर दोन महिन्यांत टेबलावर पिवळा भुसा पडलेला दिसेल.

वारंगळच्या १३१० च्या वेढ्यासारखी मांडणी असेल, बाहेर मातीचा तट आणि आत दगडी, तर बाहेरचा तट भरीव एक्सपीएसचा उतरत्या अंगाने करा. तो वाकायला जागाच राहत नाही.

पांढरं पडलं म्हणजे बुरशीच असं नाही

ओलीच्याच घरातलं हे दुसरं दुखणं. पांढरेपणा तीन तऱ्हांचा असतो. बोअरच्या पाण्यात पातळ रंग कालवला की सुकल्यावर खळग्यांत क्षार उमटतो. ओलं बोट फिरवलं की जातो, सुकलं की परत दिसतो. पातळ रंगासाठी आरओचं पाणी वापरा, प्रश्न मिटला. दुसरा, पावसाळ्यात मॅट वार्निशचा स्प्रे मारला की दुधाळ झाक येते. पाऊस थांबून दोन-तीन कोरडे दिवस मिळाले की ग्लॉस वार्निशचा पातळ हात ब्रशने द्या. बऱ्याचदा झाक निघून जाते, मग ब्रशनेच मॅट. तिसरी खरी बुरशी. ठिपके असतात, कुबट वास येतो, आणि ती नेमकी त्या जागी येते जिथे सीलर लावला नव्हता. स्पिरिटने पुसा, सुकवा आणि ती जागा बंद करा.

मंजनीक आणि शिड्या

मंजनिकीचा (दगड फेकणाऱ्या यंत्राचा) भुजदंड पिळला असेल तर लाकडाआधी दोरा तपासा. वळलेला सुती दोरा ओलीने फुगून आखूड होतो, सुकला की सैल पडतो. त्यावर फेविकॉल लावला तर आखडलेल्या अवस्थेत पक्का होतो आणि चौकट ओढून धरतो. शिंप्याकडचा पॉलिस्टर दोरा वापरा, गाठीला फेविक्विकचा एक थेंब. शिडीचे दोन्ही उभे बांबू एकाच काडीचे चिरलेले असले तर वाकले तरी एकत्र वाकतात, शिडी शिडीच राहते.

ठेवायचं कसं

साधारण ३० लिटरचा झाकणाचा डबा, १००-१५० ग्रॅम सिलिका जेल, तुकडे उभे आणि मध्ये बबल शीट. नारिंगी सिलिका घ्या, ओल प्यायली की हिरवी होते, १२० अंशांच्या आसपास तापवली की परत नारिंगी. निळ्या जातीत कोबाल्ट असतं, ती स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. खरं तर कोणतीच नको, वेगळा जुना तवा ठेवा.

सिलिकाऐवजी मीठ ठेवा असा सल्ला फिरत असतो. मीठ हवेतली ओल ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी धरतं आणि वितळू लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये वाटीतलं खारं पाणी सांडून तटाच्या पायथ्याला लागतं. देवगिरीच्या १२९६ च्या वेढ्यात धान्य म्हणून गडावर चढवलेल्या पोत्यांत मीठ निघालं, असं फेरिश्ता हा जुना इतिहासकार सांगतो. किल्ल्याला मीठ तेव्हाही फळलं नव्हतं.

गाडीने नेताना डबा डिकीत नको, सीटखाली ठेवा, काच बोटभर उघडी. पोचल्यावर झाकण काढून तासभर त्या खोलीच्या हवेला लागू द्या, मगच बुरुजात तट सरकवा. लगेच सरकवला आणि घट्ट वाटला तर ठोकू नका. खाचेची कड पॉलिश पेपरने दोनदा घासा.